मालक-चालक

"वाचत काय बसतीस? सही कर आणि चहा टाक की. दिवस मावळायला आला."

भरतेश हे हसत म्हणाले होते. आवाज चढवला नव्हता, कपाळाला आठी नव्हती. माझ्या नवऱ्याचा स्वभावच तसा. त्यांना कुणी कधी रागावलेलं पाहिलं नाही, आणि माझं तर म्हणणं आहे की घरात एक माणूस असा असला की त्याच्या वाटणीचा राग दुसऱ्याला काढावा लागतो. तो मी काढत आले.

गुढीपाडव्याचा आदला दिवस होता. जयसिंगपुरातल्या आमच्या घराच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, टीपॉयवर विम्याचा फॉर्म पसरला होता. समोर विमा एजंट आवटी, भरतेशचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचं बोट फॉर्मच्या तळाशी, जिथं सही करायची तिथं, टेकलेलंच होतं. दुसऱ्या दिवशी शोरूममधून गाडी यायची होती. मगदुमांच्या घरात पहिली चारचाकी, आणि तीही माझ्या नावावर.

आता ती माझ्या नावावर का, तेही सांगायला हवं. आमच्या सासूबाईंनी, म्हणजे आक्कांनी, गाडी ठरवायच्या आधी बस्तीतल्या उपाध्यांना दोघांच्या पत्रिका दाखवल्या होत्या. बस्ती म्हणजे आमचं जैनांचं देऊळ, आणि उपाध्ये तिथले पुजारी. त्यांनी बोटं मोजून सांगितलं, "भरतेशच्या चौथ्या घरात शनी आहे. वाहनापासून पीडा. सुनेच्या पत्रिकेत मात्र वाहनयोग चांगला आहे. तिच्या नावावर घ्या, बिनघोर हिंडा." झालं. आक्कांनी सांगितलं आणि भरतेशनी मान डोलावली. गल्लीत मला सगळे 'मालकीणबाई' म्हणायला लागले.

मी एकदा म्हटलंही होतं, "माझ्या नावावर घेताय तर मीच शिकते की चालवायला."

त्यावर भरतेश म्हणाले होते, "मालकिणीनं मागं बसायचं असतंय. चालवायला माणूस ठेवलाय की." आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून वाकले होते. सगळे हसले. मीही हसले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण तेव्हा मला आठवली नाही.

तर तो फॉर्म. इंग्रजीत होता, बारीक अक्षरात. मी बी. कॉम. झालेली. लग्नानंतर त्या पदवीचा उपयोग दुधाचा हिशेब ठेवण्यापुरता उरला असला, तरी कागद समोर आला की डोळे आपोआप पहिल्या ओळीवर जातात. मी वाचत एका रकान्याशी थांबले.

"आवटीभाऊजी, हे ओनर-ड्रायव्हर म्हणजे कोण?"

"मालक-चालक वैनी. गाडीमालक स्वतः गाडी चालवताना काय बरंवाईट झालं, तर त्याचा विमा. सक्तीचा असतोय तो. थर्ड पार्टी सक्तीची, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. आणि हे सक्तीचं. बाकी गाडीच्या नुकसानीचं सक्तीचं नसतंय, पण आपण तेबी घेतलंय. फुल्ल घेतलंय. तुम्ही कशाला काळजी करताय?"

"पण इथं मालकाचा लायसन नंबर मागितलाय. माझ्याकडं तर…"

तेवढ्यात आतून आक्कांनी विचारलं, "चहा झाला का ग?" आक्कांना सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा न घेण्याचा नेम. दिवसाचा शेवटचा चहा दिवस मावळायच्या आत त्यांच्या हातात पडला पाहिजे, आणि तो चुकला तर त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरात भांडी आपटत राहतात. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. आणि तेव्हाच भरतेश ते वाक्य म्हणाले, हसत.

आवटींच्या बोटाशी मी सही केली आणि उठले. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा फॉर्म आवटींच्या बॅगेत गेलेला होता. तो रकाना त्यांनी नंतर कधीतरी स्वतःच भरला.

गाडी आली. पूजा झाली, चाकाखाली लिंबं फुटली, पेढे वाटले. मी मागं बसले. भरतेश खरोखर चांगली चालवायचे. उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, पंपाचे शाफ्ट आणि बुश करून द्यायचे. हाताला इतकी सफाई की लोक इचलकरंजीहून काम घेऊन यायचे. स्टिअरिंगवरही तोच हात. एकच वाईट सवय होती, उजव्या हाताचं कोपर खिडकीबाहेर काढून चालवायची. मी मागून सांगायची, "हात आत घ्या." ते म्हणायचे, "मालकीण, वारा लागू दे की जरा."

भाद्रपदात शिरोळहून एकटेच परत येत होते. रस्त्यात म्हैस आडवी आली. तिला चुकवायला गेले आणि गाडी उजव्या अंगानं ओढ्याच्या पुलाच्या कठड्याला घासत गेली. म्हशीला काही झालं नाही. गाडीचा उजवा दरवाजा आणि पुढचं तोंड चेपलं. मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भरतेशचा उजवा हात कोपराखालून काढला.

पुढचे दिवस मी सांगत बसत नाही. ज्यांनी भोगलेत त्यांना ठाऊक आहेत, बाकीच्यांना सांगून काय होणार. एवढंच सांगते की ते घरी आले त्या आठवड्यात उपाध्ये भेटायला आले. पाटावर बसले, भरतेशच्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाले, "आक्का, मी सांगितलं नव्हतं? गाडी सुनेच्या नावावर होती म्हणून हातावर निभावलं. ह्याच्या नावावर असती तर जीव गेला असता."

आक्कांनी हात जोडले. "व्हय वो. तिच्याच नशिबानं राखलं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथली परात उचलून जमिनीवर आपटली. बाहेर त्यांना वाटलं, हातातून निसटली.

ह्या सगळ्यात एक गोष्ट मात्र मी घट्ट धरून होते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कृत्रिम हात दोन तऱ्हेचे मिळतात. एक नुसता दिसायला, बाहीतून बाहेर दिसतो तेवढाच. दुसरा पकड असलेला. त्यानं वस्तू धरता येते, सराव केला तर हत्यारसुद्धा. "लेथवर परत उभे राहतील का?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "पहिल्यासारखे नाहीत. पण उभे राहतील." तो हात आमच्या आवाक्यातला नव्हता. पण विमा होता ना. आवटी दवाखान्यात रोज यायचे, रोज सांगायचे, "वैनी, बिनघोर राहा. आपण फुल्ल घेतलंय." त्या एका शब्दावर मी तीन महिने काढले. भरतेश खाटेवर पडून छताकडं बघत असायचे आणि मी सांगायची, "विम्याचे आले की लगेच पुण्याला जायचं. माप द्यायचं हाताचं." ते मान डोलवायचे. डोळ्यांत थोडं काहीतरी यायचं.

गाडीचं काम झटपट झालं. कंपनीचा माणूस आला, फोटो काढून गेला, आणि दिवाळीच्या आधी गाडी नवा दरवाजा, नवं तोंड घेऊन दारात उभी राहिली. पहिल्यापेक्षा जास्त चकाकत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, कळतसुद्धा नाही काय झालं होतं ते."

मग डिसेंबरात आवटींबरोबर मी सांगलीला विमा कंपनीच्या कचेरीत गेले. तिथले घोडके साहेब पन्नाशीचे, सरळ माणूस दिसत होते. त्यांनी आमची फाईल काढली, पानं उलटली, चष्मा वर केला.

"मॅडम, हा विमा मालक-चालकाचा आहे. गाडीच्या मालक तुम्ही. अपघातात तुम्हाला काही झालंय का?"

"मला कशाला काय होईल? मी गाडीत नव्हतेच. ह्यांचा हात गेला."

"तेच म्हणतो मी. मालक गाडी चालवत असेल आणि त्याला इजा झाली, तर हे पैसे मिळतात. इथं मालकाला काही झालेलं नाही."

"पण गाडी आमच्या घराचीच आहे. नवरा-बायकोत नाव काय करायचंय?"

"तुमच्यात काही नसेल. पॉलिसीत असतं."

"मग गाडीच्या नुकसानीचे कसे दिले तुम्ही? तेव्हासुद्धा हेच चालवत होते."

"गाडीचं वेगळं. तुमच्या परवानगीनं लायसन असलेला कुणीही चालवत असेल तरी गाडीचं नुकसान भरून देतो आम्ही. माणसाचं नाही."

मी आवटींकडं पाहिलं. ते पंख्याकडं बघत होते.

घोडके साहेबांनी फाईल माझ्याकडं फिरवली. "दुसरं असं की मालकाच्या लायसनचा हा जो नंबर दिलाय, तो तुमचा आहे का?"

"माझ्याकडं लायसनच नाही."

"मग हा तुमच्या मिस्टरांचा. हे चुकीची माहिती दिल्यासारखं होतं बघा. खाली सही तुमची आहे." ते आवाज खाली आणून म्हणाले, "मालकाकडं लायसन नसेल तर हा विमा घ्यायचाच नसतो. त्याऐवजी घरातल्या ज्या माणसाच्या हातात गाडी असते, त्याचं नाव लिहून त्याचा अपघात विमा घेता येतो. वेगळा रकाना आहे. हप्ताही फार वाढत नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

आवटी म्हणाले, "साहेब, सगळे असंच भरतात. आमच्याकडं निम्म्या गाड्या बायकांच्या नावावर असतात."

"असतात," घोडके साहेब म्हणाले. "आणि निम्म्या बायका माझ्यासमोर येऊन अशाच बसतात."

कचेरीच्या पायऱ्या उतरताना आवटी म्हणाले, "वैनी, एक मार्ग आहे. आरटीओत आपला माणूस आहे. गाडी आधीच भरतेशच्या नावावर केली होती असा मागच्या तारखेचा कागद…"

"आवटीभाऊजी," मी म्हटलं, "तुम्ही तो रकाना भरलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"आता वैनी, तेव्हा घाई होती. पाडवा होता. तुम्ही चहाला उठलात…"

मी त्यांच्या गाडीत बसले नाही. सांगली स्टँडवरून एसटीनं आले. सगळा रस्ताभर माझी मूठ इतकी आवळलेली होती की कंडक्टरला सुटे देताना बोटं उघडेनात. मला राग आवटींचा आला होता. घोडक्यांचा नव्हता, ते त्यांचं काम करत होते. उपाध्यांचा होता. आक्कांचा होता. आणि अंकलीचा पूल ओलांडताना माझ्या लक्षात आलं की सगळ्यात जास्त राग मला त्या चहाचा आला आहे.

घरी आले तर भरतेश सोप्यात बसले होते. रिकाम्या बाहीला आक्कांनी पिन लावून दिली होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"जाऊ दे," ते म्हणाले.

"काय जाऊ दे? तुमच्या दोस्तानं तोंडाला पानं पुसली आपल्या. वर्षभर फुल्ल, फुल्ल म्हणत होता. तुम्हाला राग कसा येत नाही?"

"राग येऊन हात उगवणार हाय का? आवट्यानं काय मुद्दाम केलंय? चुकलं त्याचं."

"चुकलं? त्यानं नंबर तुमचा घातला. रकाना मालकाचा आहे, मालक कोण आहे, सगळं माहीत असून. मी विचारत होते. मी वाचत होते की!"

भरतेश माझ्याकडं न बघता म्हणाले, "सही तूच केलीस न्हवं?"

त्यांनी हे मला दुखवायला म्हटलं नव्हतं. ते फक्त वाद मिटवत होते, तोंडाला आलं ते बोलून मोकळे झाले. पण माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आजही, इतक्या वर्षांनी, हे सांगताना परत जाते. ज्या माणसाच्या हातासाठी मी दिवसरात्र एक केली, त्याच्यावर मी त्या क्षणी हात उगारला असता. आतून आक्का म्हणाल्या, "त्रिशला, दिवस मावळायला आलाय ग." मी जाऊन चहा टाकला.

आम्ही दिसायला असलेला तो हात घेतला. भरतेशनी तो लग्नाकार्याला दोनदा लावला आणि कपाटात ठेवला. वर्कशॉपला कुलूप लागलं.

त्यानंतर मला सकाळी बस्तीला जायची गोडी लागली. पहाटे अंघोळ करून निघायची, चांगली दीड-दोन तासांनी परत यायची. आक्का खूश झाल्या. गल्लीत सांगायला लागल्या, "दुःख आलं की माणूस धर्माला लागतंय बघा." मी ऐकून घ्यायची. फेब्रुवारीत एक दिवस आईला बरं नाही म्हणून माहेरीही जाऊन आले.

बघता बघता पाडवा आला. आदल्या दिवशी, नेमकी तीच वेळ धरून, आवटी दारात हजर. विम्याचं वर्ष संपत होतं. मला वाटलं होतं ते पाठवतील दुसऱ्या कुणाला तरी. पण निर्लज्ज माणसाला दार नेहमी उघडंच दिसतं. बॅगेतून फॉर्म काढून त्यांनी टीपॉयवर पसरला. भरतेश खुर्चीत होते, आक्का उंबऱ्याशी जपाची माळ घेऊन बसल्या होत्या.

"मी भरतेशशी बोललोय वैनी. गाडी आता उभीच असणार. गिऱ्हाईक आलं की विकायची. मग कशाला फुल्ल-बिल्ल? नुसती थर्ड पार्टी घेऊ. रस्त्यावर आणायला कायद्यानं तेवढीच लागते. स्वस्तात काम होतंय." आणि त्यांचं बोट फॉर्मच्या तळाशी गेलं. "इथं सही करा."

मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"वाचा," मी म्हटलं.

"काय?"

"फॉर्म. पहिल्या ओळीपासून. मोठ्यानं."

आवटी हसले. भरतेशकडं बघून त्यांनी भुवया उडवल्या. "वैनी, हे सगळं छापील असतंय. वाचायचं काय त्यात?"

"छापील आहे म्हणूनच वाचायचं. प्रत्येक ओळ वाचायची आणि मराठीत अर्थ सांगायचा. मला समजल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही."

"अगं," भरतेश म्हणाले, "कशाला त्याला…"

"तुम्ही बसा," मी म्हटलं. आवाज मोठा नव्हता. पण आक्कांच्या हातातली माळ थांबली.

आवटींनी वाचायला सुरुवात केली. इतकी वर्षं हा माणूस हे फॉर्म भरत होता आणि त्याला ते धड वाचता येत नव्हते. एका शब्दाशी अडायचे, पुढं पळायचे. मी म्हणायची, "मागं या. ती ओळ राहिली." घाम पुसत मागं यायचे. थर्ड पार्टीशी आले.

"ही घेतली आणि ओढ्यावर पुन्हा गाडी आपटली, तर गाडीचं काय मिळणार?"

"काय नाही."

"गाडीतल्या माणसांचं?"

ते चुळबुळले. "आपल्या खासगी गाडीत बसलेल्यांचं… ह्यात धरत नाहीत."

"म्हणजे रस्त्यावरच्या परक्या माणसाचं मिळणार, आणि आत बसलेल्या आमच्या माणसाचं नाही. आणि ती तुम्ही आम्हाला स्वस्तात देताय. खोडा ते. पूर्ण घ्यायची आहे. पुढं वाचा."

भरतेश म्हणाले, "त्रिशला, गाडी विकायची ठरलंय न्हवं?"

"कुणी ठरवलं? गाडी कुणाच्या नावावर आहे?"

आवटी पुढं वाचत राहिले आणि त्या रकान्याशी आले. मालक-चालक. इथं त्यांचा आवाज आपोआप खाली गेला. त्यांनी पेननं रकान्यावर रेघ मारायला घेतली. "हे लागू होत नाही आपल्याला. मालकाकडं लायसन नसलं की…"

"थांबा."

मी आत जाऊन पर्स आणली, लायसन काढलं आणि त्यांच्या पुढ्यात ठेवलं. कोरं करकरीत होतं. त्यावरचा माझा फोटो रागीट आला आहे, अजून तसाच आहे.

आवटींनी ते उलटून पालटून पाहिलं. "वैनी, हे कधी काढलं?"

आक्का उंबऱ्याशी ताठ झाल्या. "तू बस्तीला जात होतीस न्हवं?"

"जात होते की आक्का. दर्शन घेऊन तशीच पुढं जात होते. बस्तीच्या मागच्या गल्लीत ड्रायव्हिंग स्कूल आहे. आणि फेब्रुवारीत माहेरी नव्हते गेले, लायसनच्या परीक्षेला गेले होते."

"आणि मला इचारलंबी न्हाईस?"

"उपाध्यांनी सांगितलंच होतं. माझ्या पत्रिकेत वाहनयोग आहे म्हणून. त्यांचं बोलणं खोटं कसं पडू द्यायचं?"

भरतेश माझ्याकडं बघत होते. मी सांगलीहून आल्यापासून त्यांनी माझ्याकडं असं सरळ बघितलं नव्हतं. मी मुद्दाम त्यांच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर राग विरघळला असता, आणि अजून निम्मा फॉर्म वाचायचा होता.

"नंबर लिहा," मी आवटींना म्हटलं. "माझ्या देखत लिहा. एकेक आकडा."

त्यांनी लिहिला.

"आता तो दुसरा रकाना काढा. घरातल्या माणसाचं नाव लिहून विमा घ्यायचा असतो तो. घोडके साहेबांनी सांगितलेला."

त्यांना तो पटकन सापडला. कुठं आहे ते त्यांना चांगलं माहीत होतं. "कुणाचं नाव घालायचं?"

"भरतेश आण्णासाहेब मगदूम. माझ्या शेजारी बसणार आहेत. परवापासून मी त्यांना वर्कशॉपला सोडणार आहे. कामाला एक माणूस ठेवायचा, तो लेथ चालवेल, हे उभे राहून सांगतील. डोकं तर कुणी कापून नेलेलं नाही."

आवटींचं पेन कागदावर टेकलं होतं पण चालत नव्हतं.

"लिहा की," मी म्हटलं. "मागच्या वर्षी लिहायचं राहिलं होतं ते."

त्यांनी मान खाली घालून लिहिलं. खिडकीतलं ऊन भिंतीवर चढत घड्याळापाशी पोचलं. आणि आक्का, सवयीनं असेल की मुद्दाम, मला नाही सांगता येणार, म्हणाल्या, "त्रिशला, दिवस मावळायला आला. चहा टाकायचा न्हाई व्हय?"

मी उठले नाही. फॉर्मवर बोट ठेवून बसून राहिले. आवटी माझ्याकडं बघत होते, आशेनं. मी उठले असते तर त्यांनी उरलेली पानं नक्की गुंडाळली असती.

"पुढची ओळ," मी म्हटलं.

"चहा करून या की वैनी, मी थांबतो…"

"पुढची ओळ वाचा."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भरतेश उठले होते. ते आक्कांना ओलांडून आत गेले. आक्का "अरे, अरे, तू कुठं?" म्हणत अर्धवट उठल्या आणि परत बसल्या. स्वयंपाकघरातून भांडं ठेवल्याचा आवाज आला. लायटर दोनदा नुसताच वाजला, तिसऱ्यांदा गॅस पेटला. साखरेचा डबा घरंगळत कुठंतरी जाऊन थांबला. डाव्या हातानं डब्याचं झाकण कसं उघडत असतील, ह्याचा विचार मी येऊ दिला नाही. आवटी अडखळत वाचत होते आणि मी प्रत्येक ओळीचा अर्थ विचारत होते.

बऱ्याच वेळानं भरतेश बाहेर आले. एका हातात एकच कप. तो आक्कांसमोर ठेवला. बाहेर अजून उजेड होता. आक्कांनी कपाकडं पाहिलं, मग लेकाच्या पिन लावलेल्या बाहीकडं, आणि पदर डोळ्यांना लावून चहा पिऊ लागल्या. ते परत आत गेले आणि दुसरा कप घेऊन आले. तो माझ्यासमोर, फॉर्मच्या कडेला, न सांडता ठेवला. गाळणी धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून चहात वर पावडर तरंगत होती. आवटींना कुणी विचारलं नाही.

भरतेश माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि फॉर्मकडं बघत आवटींना म्हणाले, "काय वाचलास मघाशी? माझ्या नावाचं. परत एकदा वाच."

आवटींनी परत वाचलं. मी चहा पावडरीसकट प्याले. साखर फार झाली होती. शेवटी आवटींनी कपाळ पुसलं, पान उलटलं आणि ते बोट, तेच बोट, तळाशी आणून टेकवलं.

"झालं वैनी. आता करा सही."

मी त्यांचं बोट पेनानं बाजूला सारलं.

"मागच्या बाजूलाही छापलंय," मी म्हटलं. "वाचा."